खोलीत फ्रिज नाही, आणि सोबत सासऱ्यांचं इन्सुलिन

पत्र: ताई, पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण पाच दिवसांसाठी समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर निघालोय. मी, नवरा, सासू-सासरे, सहा वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. पैसे भरून झालेत, ते आता परत मिळणार नाहीत. काल सहज फोन करून विचारलं तर कळलं, आमच्या खोल्यांमध्ये फ्रिज नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सासरे दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. मुलगी माझं दूध पिते, शिवाय रात्री तिला एकदा-दोनदा पावडरचं दूध लागतं. मुलाला उठल्या उठल्या थंड दूध हवं असतं. सासूबाई म्हणतात, दोन दिवसांचं जेवण घरूनच करून नेऊ. नवरा म्हणतो, 'पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, काही होत नाही.' आणि सासरे परवा हळूच म्हणाले, 'माझ्यामुळे तुमचे हाल नकोत, मी घरीच थांबतो.' मोठा आइसबॉक्स विकत घ्यावा, की सरळ सगळं रद्द करावं?

उत्तर: रद्द करू नका. मोठा आइसबॉक्सही इतक्यात घेऊ नका. तुमच्या यादीत खरोखर जपायच्या गोष्टी दोनच आहेत, इन्सुलिन आणि बाळाचं दूध. त्यातलं इन्सुलिन सगळ्यांना मोठं संकट वाटतंय, पण त्याचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की माहितीपत्रकातलं त्याच्या पुढचं वाक्य सहसा कुणी वाचतच नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायला सांगतात, ते छापलेल्या मुदतीपर्यंत टिकावं म्हणून. वापरात असलेलं पेन (लिहायच्या पेनासारखं दिसणारं, इन्सुलिन भरलेलं टोचायचं साधन) किंवा बाटली मात्र फ्रिजबाहेर राहू शकते. बहुतेक प्रकारांना अशी साधारण २८ दिवसांची मुदत असते. अट एवढीच की आसपासचं तापमान २५ किंवा ३० अंशांच्या वर जाता कामा नये. नेमका आकडा त्या त्या औषधावर छापलेला असतो. काही मिश्र इन्सुलिनच्या पेनांना फक्त १० दिवस मिळतात, तर काही प्रकार सहा किंवा आठ आठवडे राहतात. म्हणून सासऱ्यांचं पेन हातात घ्या, त्याचं माहितीपत्रक उलगडा आणि 'वापरात असताना' या मथळ्याखालचं वाचा. अक्षर बारीक असेल, पत्रक सापडत नसेल, तर औषधाच्या दुकानात पेन दाखवून विचारा. एका मिनिटाचं काम आहे.

आता हिशोब करा. तुमची सहल पाच दिवसांची आहे. मुदत १० दिवसांची निघाली तरी सहज भागतं. पाच दिवसांना पुरेल एवढं इन्सुलिन घ्या, वर एक पेन जादा घ्या, आणि उरलेला साठा घरच्या फ्रिजमध्ये राहू द्या. सगळा साठा सोबत न्यायचा मोह अनेकांना होतो, 'असावं जवळ' म्हणून. पण मग एका चुकीत सगळाच साठा जातो. जादा पेन उघडलं नाही तरी ज्या दिवशी ते फ्रिजबाहेर आलं त्या दिवसापासून त्याचेही दिवस मोजायचे. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. घरी परतल्यावर ते पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही.

म्हणजे पाच दिवस इन्सुलिनला फ्रिज नसला तरी चालतो. खरे शत्रू दोन आहेत, ऊन आणि गोठणं. दुसऱ्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन आम्ही असेच एका ठिकाणी गेलो होतो. खोलीत फ्रिज नव्हता. मी तिची इन्सुलिनची पेनं एका छोट्या पिशवीत घालून स्वागतकक्षात दिली आणि म्हटलं, 'हे औषध आहे, थंड जागी ठेवा.' त्या मुलाने अगदी मनापासून ते काम केलं. सगळ्यांत थंड जागा म्हणून त्याने पिशवी स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी ती परत आली तेव्हा पेनांवर पांढरं दंव साचलेलं होतं, हाताला चटका बसावा इतकी ती गार होती. आतल्या काचेच्या नळीत एरवी पाण्यासारखं नितळ दिसणारं औषध पांढरट, घट्ट झालेलं होतं. आम्ही ती टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावत बसलो. तासाभरात सगळं वितळलं आणि नळी पुन्हा आधीसारखी नितळ दिसायला लागली. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. रात्री काय झालं हे माहीत नसतं तर आईने ते बिनदिक्कत टोचून घेतलं असतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी त्याच्या गुणाचा भरवसा राहत नाही, ते टाकूनच द्यायचं असतं. आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येईलच असं नाही.

म्हणून मी आता कुणालाही 'थंड ठेवा' असं नुसतं सांगू देत नाही. कुणाच्या हाती द्यायचंच झालं तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: 'औषध. २ ते ८ अंश. फ्रीझरमध्ये ठेवू नये.' खाली नाव आणि खोली क्रमांक. तसंच इन्सुलिन बर्फाला किंवा गोठवलेल्या जेल पॅकला थेट टेकवून कधीही ठेवू नका, मध्ये टॉवेलची जाड घडी हवी. विमानाने जाणार असाल तर ते हातातल्या बॅगेत असू द्या, सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते.

उन्हाचं म्हणाल तर सगळ्यांत वाईट जागा म्हणजे उभी केलेली गाडी. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढू शकतं. 'पटकन जेवून येऊ' म्हणून औषधाची पिशवी गाडीत सोडायची नाही. शर्टाच्या खिशातही पेन तासन्‌तास नको, कारण अंगाची ऊब ३७ अंशांच्या जवळपास असते. खोलीत खिडकीपासून लांब, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कपड्यांच्या मधोमध ठेवा. एक गोष्ट मात्र आधी तपासा. पुष्कळ ठिकाणी दाराचं कार्ड भिंतीतल्या खाचेत घातलं तरच खोलीची वीज चालू राहते. तुम्ही कार्ड काढून दिवसभर समुद्रावर गेलात की एसी बंद, आणि दुपारी पश्चिमेकडची खोली चांगली तापते. अशी सोय असेल तर एक जादा कार्ड मागून घ्या, किंवा इन्सुलिन सोबत न्या.

सोबत न्यायला रुंद तोंडाचा छोटा थर्मास उत्तम. थर्मास बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तो फक्त गरम पदार्थांसाठी असतो ही आपली सवय. त्यात दहा मिनिटं बर्फाचं पाणी घालून ठेवा, ओतून द्या, आतून कोरडा पुसा, रुमालात गुंडाळलेलं पेन आत ठेवून झाकण लावा. पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्याही मिळतात. त्यांतलं पाणी वाळताना उष्णता शोषून घेतं, त्यावर त्या चालतात. कोरड्या हवेत त्या छान काम करतात. तुम्ही मात्र समुद्रावर जाताय. तिथल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, त्यामुळे गारवाही कमी मिळतो. तुमच्यासाठी थर्मासच बरा.

आता बाळाकडे येऊ.

मुलगी अंगावर पिते आणि तुम्ही तिच्याजवळच असणार आहात, म्हणजे अर्धा प्रश्न सुटलेलाच आहे. तुम्ही दूध काढून ठेवणार असाल तरच पुढचं लागू होतं. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास ठेवता येतं. गोठवलेले आइस पॅक घातलेल्या कूलर बॅगेत ते २४ तास राहतं. बाळाने बाटलीला तोंड लावलं की उरलेलं दूध २ तासांत संपवायचं, नाही तर टाकून द्यायचं. हे मन घट्ट करून करा. स्वतःचं दूध ओतून देताना कसं तुटतं ते मला माहीत आहे, पण तिथे हात आखडायचा नाही.

रात्रीच्या पावडरच्या दुधाला तर फ्रिजची गरजच पडू नये. चूक होते ती एकाच ठिकाणी. झोपमोड नको म्हणून आपण संध्याकाळीच दोन-तीन बाटल्या तयार करून ठेवतो. घरी त्या फ्रिजमध्ये जातात म्हणून चालतं, इथे नाही चालणार. तयार केलेलं दूध २ तासांत आणि पाजायला सुरुवात केली की तासाभरात संपायला हवं. त्याऐवजी पावडर मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरून ठेवा, एका वेळेची एक डबी. निजायच्या आधी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरा. बाळ उठलं की तेव्हाच दूध कालवा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ते पाणी निदान ७० अंश गरम हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग बाटली बंद करून नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. अंधारात, रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं फार लांब वाटतात. म्हणून घरीच दोन रात्री याची सवय करा, आणि तुमचा थर्मास पहाटेपर्यंत पाणी पुरेसं गरम ठेवतो का तेही तेव्हाच पाहून घ्या. निववायचं काम नवऱ्याकडे द्या. त्याच्याबद्दल पुढे बोलतेच.

भाज्या-फळांचा मऊ गर तिला देत असाल तर लहानात लहान पाकिटं घ्या. पाकिटातून थेट भरवू नका, वाटीत काढून भरवा. उरलं तर टाका. पिकलेलं केळं सालीसकट आपल्या जागी सुरक्षित असतं, लागेल तेव्हा सोला आणि कुस्करा.

मुलाच्या थंड दुधाचं सांगते. यूएचटी दूध घ्या, २०० मिलीचे टेट्रापॅक. हे दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून, जंतूंचा शिरकाव होणार नाही अशा पद्धतीने बंद केलेलं असतं, म्हणून न फोडता महिनोन्‌महिने बाहेर राहतं. फोडल्यावर मात्र ते साध्या दुधासारखंच नासतं. लिटरचा मोठा पॅक स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, तो अर्धा उरेल आणि तुम्ही त्याकडे बघत बसाल. एका वेळी एक छोटा पॅक, आणि त्याला तो गारच हवा असेल तर उठायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांत ठेवण्यापेक्षा बर्फ घातलेल्या पाण्यात वस्तू लवकर गार होते, कारण पाणी तिला चारी बाजूंनी टेकतं.

मुलांपैकी कुणाचं प्रतिजैविकाचं पातळ औषध चालू असेल तर बाटलीवरची सूचना नीट वाचा. काही औषधं पाणी घालून तयार केल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी लागतात आणि काही फ्रिजमध्ये ठेवू नयेत अशी असतात. अंदाजाने ठरवू नका.

सासूबाईंचं म्हणणं मला समजतं. नातवंडांनी बाहेरचं खाऊन आजारी पडू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. पण नेमकं इथेच मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. शिजवलेलं ओलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू वाढतात. पोषक वातावरणात काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. २ तासांत ६ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ६४. ४ तासांत ४,०९६. म्हणून शिजलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये म्हणतात, आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावं. एसी २० वर लावला तरी खोलीचा फ्रिज होत नाही, २० अंश हे जंतूंना सोयीचंच तापमान आहे.

'नीट उकळून घेतलं की झालं' हेही पूर्ण खरं नाही. काही जंतू अन्नात विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिजवलेल्या भातात राहणाऱ्या एका जंतूची बीजं तर शिजवूनही जिवंत राहतात, आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात. अशा अन्नाला वास येतोच असं नाही, चवही बदलत नाही. वास घेऊन पारखायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत इथे फसते. वासाने नासलेलं दूध कळतं, धोकादायक अन्न कळेलच असं नाही.

पण हे सासूबाईंना अशा रीतीने सांगू नका की त्यांच्या हातचं कुणाला नको आहे. त्यांना कोरड्या पदार्थांचं काम द्या. भाजलेलं, खरपूस तळलेलं, ओलावा नसलेलं काहीही पाच दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात राहतं, कारण पाण्यावाचून जंतूंना वाढता येत नाही. आणि प्रवासातलं पहिलं जेवण त्यांनी जरूर करावं. रुंद तोंडाचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या, त्यात वाफाळतं अन्न काठोकाठ भरा, आणि तीन-चार तासांत संपवा. एवढ्या वेळात चांगल्या थर्मासमधलं अन्न ६० अंशांच्या वर राहतं. उघडल्यावर वाफ आली नाही तर खायचं नाही, एवढा नियम त्यांनाही पटेल. त्यापुढे रिसॉर्टमध्ये ताजं, समोर आलेलं गरम खा. अर्धं ताट उरलं तर खोलीत बांधून नेऊ नका. अन्न फेकणं जिवावर येतं, म्हणून मागवतानाच कमी मागवा. मुलं पोटभर खात नाहीत तर पुन्हा मागवता येतं.

अख्खी फळं, काकडी, गाजर, टोमॅटो, पाव, दाणे, बिस्किटं यांना कशालाच फ्रिज लागत नाही. फळ चिरलं की मात्र त्यालाही शिजवलेल्या अन्नाचा नियम लागू होतो. दह्याचे छोटे डबे तिथेच घ्यायचे आणि लगेच खायचे, साठवायचे नाहीत.

एवढं वगळल्यावर बर्फ लागणार कशाला? काढून ठेवलेलं दूध, गार पाणी आणि मुलाचा पॅक. त्याला एक मध्यम कूलर बॅग पुरे. चाकांच्या मोठ्या पेटीत आपण ती रिकामी दिसते म्हणून सामान भरत जातो, आणि मग पाच दिवस तिलाच सांभाळत बसतो.

बॅग चांगली चालावी म्हणून थोडं सांगते. प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून गोठवा, काठोकाठ नको, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि बाटली तडकते. मोठा एकसंध गठ्ठा लहान खड्यांपेक्षा सावकाश वितळतो, शिवाय वितळल्यावर ते पाणी प्यायलाही होतं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढ्यात एक लिटर पाणी ८० अंशांवरून शून्यावर आलं असतं. म्हणूनच बाटलीत जोवर बर्फ खडखडतोय तोवर बॅग काम करतेय असं समजा. खडखडाट थांबला की पुढचे एक-दोन तासच हातात आहेत. गार हवा खाली बसते, त्यामुळे बाटल्या वर आणि सामान खाली ठेवा. बॅग रिकामी नको, उरलेल्या जागेत टॉवेल कोंबा. दर दहा मिनिटांनी पाण्यासाठी ती उघडली जाणार असेल तर पाणी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दुधाची बॅग कुणालाही उघडू देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवायचा छोटासा थर्मामीटर आत टाकलात तर अंदाज करावाच लागणार नाही. तो ४-५ अंशांच्या खाली असला की निर्धास्त राहा.

बादलीतून मिळणारा बर्फ बाहेरून गार करायला वापरा, बाळाच्या काही खाण्यात घालू नका. तो किती हातांतून आलाय ते आपल्याला दिसत नाही. आणि कुणी कोरडा बर्फ सुचवला तर नको म्हणा. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो, बंद खोलीत किंवा गाडीत त्याचा वायू साचतो, आणि सोबत लहान बाळ आहे.

आता रिसॉर्टला पुन्हा फोन करा. तुम्ही 'खोलीत फ्रिज आहे का' असं विचारलंत, त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला. यावेळी म्हणा, 'घरात इन्सुलिन घेणारे ज्येष्ठ आहेत आणि आठ महिन्यांचं बाळ आहे, वैद्यकीय कारणासाठी खोलीत छोटा फ्रिज देता येईल का?' बऱ्याच हॉटेलांकडे अशा गरजेसाठी दोन-चार सुटे फ्रिज असतात आणि आधी सांगणाऱ्याला ते मिळतात. हो म्हणाले तर ते लेखी मागून घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. नाही म्हणाले तर एवढं विचारा: आमच्या बाटल्या रोज रात्री तुमच्या फ्रीझरमध्ये गोठवून मिळतील का, बर्फ कोणत्या वेळेत मिळतो, आणि कार्ड काढल्यावर खोलीची वीज जाते का. बाटल्यांचे दोन संच न्या. एक बॅगेत, एक त्यांच्याकडे, सकाळ-संध्याकाळ अदलाबदल.

फ्रिज मिळाला तरी एक सावधगिरी घ्या. हॉटेलांतल्या पेयं ठेवायच्या छोट्या कपाटांपैकी पुष्कळशी फक्त बाटल्या गार करण्यापुरती असतात, ती ५ अंशांपर्यंत उतरतीलच असं नाही. थर्मामीटर एक रात्र आत ठेवून पाहा. काही कपाटांत आतली वस्तू नुसती हलवली तरी तिचे पैसे बिलात लागतात, तेही आधी विचारा. आणि इन्सुलिन मागच्या गार पत्र्याला चिकटवून ठेवू नका, तिथे ते गोठू शकतं.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही मागितली नसली तरी मला बोलायची आहे. सहा माणसांची सहल आणि झोप उडाली ती एकटीची. नवरा म्हणतो 'काही होत नाही', आणि त्याचं काही होत नाही कारण तुम्ही आधीच सगळ्याचा विचार करून ठेवता. त्याच्याशी भांडू नका, त्याला नेमकं काम द्या. 'मदत कर' म्हणून भागणार नाही. बर्फ त्याचा, पूर्ण त्याचा: आजचा रिसॉर्टचा फोन, बाटल्या भरणं, रात्री नेऊन देणं, सकाळी आणणं, बॅगेतलं तापमान बघणं, आणि रात्रीची बाटली निववणं. एखाद्या सकाळी तो विसरला तर तुम्ही धावत जाऊन आणू नका. दुधाची एक फेरी चुकली तर त्या वेळी मुलीला अंगावर घ्या, तिचं काही अडणार नाही. दुसऱ्या दिवशी तो विसरणार नाही.

आणि सासऱ्यांना आज संध्याकाळीच जाऊन सांगा की तुमच्या इन्सुलिनला या सहलीत फ्रिजची गरजच नाही. पत्रक त्यांच्यासमोर उलगडा, ती ओळ त्यांनाच वाचू द्या, लागला तर त्यांचा चष्मा आणून द्या. गप्प बसून घरी थांबायला निघालेल्या माणसाला आपल्यामुळे कुणाचं काही अडत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. थर्मास त्यांच्या हाती द्या, तो गार करायचं त्यांना एकदा दाखवा. जायच्या दिवशी सकाळी पेनं फ्रिजमधून त्यांनीच बाहेर काढावीत आणि पट्टीवर तारीखही त्यांनीच लिहावी.